यिन्झ, आम्ही आणि आपण

पिट्सबर्गला यायचंच असेल तर विमानतळाच्या बाजूने, फोर्ट पिट बोगद्यातून यावं, असं इथले जुने लोक सांगतात. चाळीसहून अधिक वर्षं इथे काढल्यावर आता आम्हीही तेच सांगतो. १९६० साली सुरू झालेला हा बोगदा अर्ध्या मैलाहून लांब आहे. आत असेपर्यंत गावाचा मागमूस नसतो. आणि बाहेर पडता पडता, काही कळायच्या आत, तुम्ही पुलावर असता. खाली मोनोंगहेला नदी, पलीकडून येणारी अलेघेनी, दोघींच्या संगमावरचं कारंजं आणि समोर उंच इमारतींची गर्दी. पडदा वर जावा आणि एकदम दरबाराचा सीन दिसावा, तसं वाटतं.

आमच्यापैकी एकाचं माहेर कराडचं. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात, पण पुढे जाते ती कृष्णाच. इथे मात्र दोन्ही नद्या आपापली नावं सोडतात आणि पुढे तिसऱ्याच नावाने, ओहायो म्हणून, वाहू लागतात. गावाच्या नावाचंही असंच काहीतरी. १८९० साली सरकारने स्पेलिंगमधला शेवटचा 'एच' काढून टाकला, आणि गावकऱ्यांनी कुरकुर करून १९११ साली तो परत मिळवला. ज्या अक्षराचा उच्चारही होत नाही त्याच्यासाठी एकवीस वर्षं हट्ट धरणारं हे गाव भाषेच्या बाबतीत सरळ असणार नाही, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं!

वाचकहो, हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. म्हणजे एकाने सांगितला आणि दुसऱ्याने दुरुस्त केला. फजितीचे जे प्रसंग पुढे येतील ते कोणाच्या वाट्याचे, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखावं. आम्ही नाव घेणार नाही. घरात शांतता हवी आहे.

आम्ही आलो ते १९८२च्या डिसेंबरअखेर. ओकलंड भागातल्या विद्यापीठात जानेवारीपासून शिक्षण सुरू व्हायचं होतं. भाडं परवडेल अशी जागा शोधता शोधता मुनहॉल नावाच्या टेकडीवरच्या वस्तीत एका घराचा वरचा मजला मिळाला. तिथून ६१-सी बस पकडली की नदी ओलांडून ओकलंडला जाता येई. टेकडीखाली, नदीकाठाने, होमस्टेडच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या. आमच्यातल्या दुसऱ्याचं बालपण लालबागच्या चाळीतलं. त्याने खिडकीतून त्या चिमण्या पाहिल्या आणि म्हणाला, "अगं, हे तर आपलं गिरणगावच!" निघालो तेव्हा मुंबईतल्या गिरण्यांचा संप वर्षाचा होत आला होता. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, आणि त्यांतले एक त्याचे वडील. तिकिटासाठी घेतलेल्या कर्जाइतकंच त्या बंद भोंग्यांचंही ओझं आम्ही इथे घेऊन आलो होतो.

इंग्रजीचं ओझं मात्र वाटत नव्हतं. उलट भरवसा होता! तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, मग रेन अँड मार्टिन, वाक्याचं प्रत्यक्षातून अप्रत्यक्ष कथन, कर्तरीचं कर्मणी, सगळं पाठ. पाऊस मुसळधार पडतो तेव्हा साहेबाच्या देशात मांजरं आणि कुत्री पडतात, हेही पाठ. पुढच्या चाळीस वर्षांत एकाही माणसाने आमच्यासमोर ती मांजरं-कुत्री पाडली नाहीत, हा भाग वेगळा.

पहिल्याच सकाळी जिना उतरत होतो. रात्रभर बर्फ पडून वर पाण्याचा पातळ थर गोठला होता. शेजारच्या अंगणात एक बाई खोऱ्याने बर्फ ओढत होत्या. त्या ओरडल्या, "वॉच आउट, इट्स स्लिपी!" आम्ही दोन दिवसांच्या प्रवासाने पेंगुळलेलेच होतो. बाईंना किती कळवळा, असं वाटून हसून म्हटलं, "येस, येस, व्हेरी स्लीपी!" आणि तिसऱ्या पायरीवरून जे निघालो ते थेट अंगणात.

स्लिपी म्हणजे निसरडं. रेन अँड मार्टिनच्या देशात त्याला स्लिपरी म्हणतात. बाई धावत आल्या, हात देऊन उठवलं आणि विचारलं, "आर यिन्झ ओके?"

हा 'यिन्झ' आम्ही रात्री शब्दकोशात शोधला. वाय खाली नाही, आय खाली नाही. चार दिवसांनी धीर करून त्यांनाच विचारलं, तेव्हा कळलं की यिन्झ म्हणजे 'यू वन्स', तुम्ही लोक. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडहून आलेल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांनी इथे आणलेली ही बोली. पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीत एकालाही 'यू' आणि दहांनाही 'यू', याची आम्हाला शाळेपासून चीड होती. बायकोला म्हटलं की वऱ्हाडाला म्हटलं, कळायचं कसं? आणि इथे, अमेरिकेच्या या धुराने काळवंडलेल्या कोपऱ्यात, चक्क अनेकवचनी 'तुम्ही' सापडला होता. आम्हाला परदेशात ओळखीचं माणूस भेटल्यासारखा आनंद झाला.

त्या शेजारीणबाई आमच्या पहिल्या मास्तरीण. वयाने आमच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, आजी-आजोबा स्लोव्हाकियातून कारखान्यात काम करायला आलेले. आम्ही त्यांना 'मिसेस' लावून आडनावाने हाक मारत असू, तर त्या म्हणत, नावाने हाक मारा. आता मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची जीभ आम्हाला कुठून असणार? शेवटी आमच्या थोरलीला बोलता यायला लागल्यावर तिनेच प्रश्न सोडवला. ती त्यांना 'मावशी' म्हणू लागली. अर्थ सांगितला, आईची बहीण, तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्या मुनहॉलच्या मावशी झाल्या. त्यांच्या घरी आजीला 'बाबा' म्हणत. "माय बाबा वॉज अ टफ लेडी," असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा आमचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार!

मावशींकडून शिकलेले शब्द आम्ही एका वहीत लिहीत असू. घर आवरणं म्हणजे 'रेड अप'. पाहुणे यायचे असले की मावशी म्हणत, घर रेड अप करायचंय. रबर बँडला 'गमबँड', व्हॅक्यूम क्लीनरला 'स्वीपर', काट्याला 'जॅगर'. आणि 'नेबी' म्हणजे शुद्ध मराठीत भोचक! "मी नेबी नाही हं, पण तुमच्याकडे काल रात्री कोण आलं होतं?" ही वाक्यरचना तर लालबागच्या चाळीतून उचलून आणल्यासारखी. वाक्याच्या शेवटी 'अँड दॅट' म्हणायचं ते जिभेवर झिजून 'नॅट' झालेलं. अर्थ आपल्या चहाबिहातल्या 'बिहा'सारखा. गावाचा मध्यभाग 'डाउनटाउन' नव्हे, 'डाहनटाहन'. आणि फुटबॉलच्या संघाचं नाव स्टीलर्स असलं तरी म्हणायचं 'स्टिलर्स', नाहीतर परका ठरता.

सगळ्यात जड गेलं ते व्याकरण. इथे गाडी 'नीड्स वॉश्ड', गवत 'नीड्स कट'. मधलं 'टु बी' गायब! हॅम्लेटला आयुष्यभर छळणारा प्रश्न पिट्सबर्गकरांनी असा झटक्यात निकालात काढला आहे. थोरलीने एकदा घरी असं वाक्य लिहिलं, तेव्हा आम्ही लाल पेनने 'टु बी' घातलं. ती म्हणाली, "पण मावशी असंच म्हणते." आता मावशीपुढे रेन आणि मार्टिन यांची काय बिशाद!

हे झाले गावचे शब्द. त्यांची मजा वाटायची, भीती नव्हती. भीती होती ती छोट्या छोट्या क्रियापदांची, जी साऱ्या अमेरिकेत चालतात आणि ज्यांतला प्रत्येक शब्द आपल्याला येत असतो. रन येतं, इन्टू येतं. पण एका दुपारी मावशी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "आय रॅन इन्टू युवर हजबंड ॲट द स्टोअर," तेव्हा आमच्यातली एक हातातली परात टाकून धावत सुटली. मावशींची भलीमोठी गाडी दारात उभी होती, आणि त्या 'जाऊन आदळल्या' असं स्वतःच्या तोंडाने सांगत होत्या! मावशींना कळेना ही रडते का. दहा मिनिटांनी नवरा दुधाची बाटली घेऊन चालत आला. रन इन्टू म्हणजे अचानक भेट होणं. रन ओव्हर म्हणजे गाडीखाली घेणं. एवढासा शब्द बदलला की भेटीचा अपघात होतो.

चिडून आम्ही म्हणायचो, ही कसली भाषा! पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट अप विथ म्हणजे सोसणं, पुट डाउन म्हणजे पाणउतारा करणं. पण पुढे मुलांना मराठी शिकवायला बसलो आणि आमची घमेंड उतरली. धाकट्याने विचारलं, "बाबा, भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते, वेड लागतं. लागतं म्हणजे नक्की काय होतं?" आम्ही गप्प. मग 'खाणं' निघालं. आपण जेवण खातो ते ठीक, पण मारही खातो, पैसे खातो, भाव खातो, हवा खातो, आणि समोरच्याचं डोकंही खातो. मग बोलून टाकलं, बोलून बसला, बोलून गेला, बोलून घेतलं. मूळ शब्द एकच, पण शेपटी बदलली की कुठे सुटका, कुठे पश्चात्ताप, कुठे नकळत, कुठे मनासारखं. साहेब शेपटीला अप, ऑफ, आउट लावतो. आपण टाकणं, बसणं, जाणं, घेणं लावतो. आपल्याला आपली शेपटी दिसत नाही, एवढंच.

आता केनीवूडची गोष्ट सांगायलाच हवी. मुनहॉलपासून गाडीने काही मिनिटांवर, मोनोंगहेलाच्या वरच्या कड्यावर, १८९८ सालचं हे करमणुकीचं उद्यान. लाकडी झुल्यागाड्या, जत्रेसारखी गर्दी, शाळांच्या सहली. तिथून नदीपलीकडे ब्रॅडॉकचा १८७५ सालचा एडगर थॉमसन पोलाद कारखाना दिसतो. आमच्यातल्या एकाला नोकरी लागून (पाहा, लागलीच!) पहिलाच महिना. जानेवारी. ऑफिसात सगळ्यांसमोर उभं राहून काही सांगायचं होतं. पुढच्या रांगेतला एक जण हळूच म्हणाला, "हे, केनीवूड्स ओपन." जानेवारीत, एवढ्या बर्फात? आश्चर्य वाटलं, पण माहितीबद्दल आभार मानून म्हटलं, "फारच छान! रविवारी सहकुटुंब जाऊ." सगळं दालन हसलं. इथल्या बोलीत केनीवूड उघडं आहे म्हणजे पँटची चेन उघडी आहे! तेव्हापासून आमच्या घरी कोणी बाहेर निघालं की 'केनीवूड बंद ना?' असं मराठीतून विचारलं जातं.

इथवर हसण्यावारी गेलं. आता जे सांगायचंय ते हसण्याचं नाही.

१९८३च्या शरद ऋतूतली गोष्ट. मावशींचे यजमान नदीकाठच्या एका पोलाद कारखान्यात भट्टीवर होते. पहाटे डबा घेऊन जात, दुपारी परतत. काही दिवस ते सकाळीच पायरीवर बसलेले दिसू लागले. आम्ही मावशींना विचारलं, तब्येत बरी नाही का? त्या म्हणाल्या, "ही गॉट लेड ऑफ."

हा शब्द आम्हाला येत होता! लालबागमध्ये कोणाला येत नाही? कापूस आला नाही, वीज गेली, मशीन मोडलं की गिरणी 'ले-ऑफ' द्यायची. कायद्याप्रमाणे निम्मा पगार मिळायचा आणि चार दिवसांनी भोंगा झाला की माणूस पुन्हा कामावर. चाळीत मुलं खूश व्हायची, कारण वडील घरी असायचे. आम्ही त्याच उत्साहाने विचारलं, "फॉर हाउ मेनी डेज?"

मावशी म्हणाल्या, "फॉर गुड."

गुड म्हणजे चांगलं. चांगल्यासाठी. आम्हाला वाटलं, बाई देवावर भार टाकणारी आहे, जे होतं ते भल्यासाठीच असं म्हणते आहे. आम्ही दोघं तोंडभर हसून म्हणालो, "ओ, व्हेरी गुड! व्हेरी गुड!"

मावशींनी आमच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग त्या काही न बोलता आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

काहीतरी चुकलं, एवढं कळलं. त्या संध्याकाळी टेकडीवरच्या कार्नेगी वाचनालयात गेलो. होमस्टेडचं हे वाचनालय आहे मुनहॉलमध्येच. १८९८ सालचं, आत पोहण्याचा तलाव आणि संगीतगृहसुद्धा. तिथे वाक्प्रचारांचा कोश काढला. 'फॉर गुड' : कायमचं. पुन्हा कधीही नाही. पुस्तक मिटून आम्ही कितीतरी वेळ तसेच बसून राहिलो. एका घरातली चूल विझली होती आणि आम्ही दारात उभं राहून अभिनंदन केलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी डबाभर शंकरपाळी तळली आणि त्यांच्या दारात गेलो. रात्री वाक्यं पाठ केली होती, पण तिथे एकही आठवेना. शेवटी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमचे वडील संपावर आहेत, त्यांची गिरणीही बंद आहे, आम्हाला हे दुःख कळतं, फक्त शब्द कळला नव्हता. आमच्या भाषेत याला म्हणतात पोटावर पाय येणं. "फूट ऑन द स्टमक."

मावशींचे यजमान आतून ऐकत होते. ते बाहेर आले, म्हणाले, "यप. दॅट्स इट." आणि शंकरपाळ्याचा एक तुकडा उचलला. मावशी म्हणाल्या, "यिन्झ डिडन्ट नो." त्यांनी आत बोलावलं. त्यांच्या आजीची, म्हणजे त्या 'बाबा'ची, गोष्ट सांगितली. तीही अशीच, भाषा न येता, याच टेकडीवर आली होती. तिला कोणी वर्गात शिकवलं नाही, शेजारणींनीच शिकवलं. "सो," त्या म्हणाल्या, "आय ओ समबडी." कोणाचं तरी देणं लागते. (लागते! आम्हाला तेव्हा सुचलं नाही, पण हे लागणंही त्याच यादीतलं.)

पुढची वर्षं या गावाने फार सोसलं. ज्या होमस्टेडमध्ये १८९२ साली कामगार आणि पिंकर्टनच्या भाडोत्री रक्षकांची रक्तरंजित लढाई झाली होती, तिथला कारखाना १९८६ साली बंद झाला. मावशींच्या गल्लीतली निम्मी तरुण मुलं टेक्सस, फ्लॉरिडा, जिथे काम मिळेल तिथे गेली. इकडे मुंबईहून पत्रं येत. संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. कामगार हळूहळू विखुरले, कोणी गावी गेले, कोणी भाजी विकू लागले. 'कॉल ऑफ' हे क्रियापद आम्ही तेव्हा शिकलो, आणि त्याचं वाक्य बनवायला तो संप काही उपयोगी पडला नाही.

१९९९ साली होमस्टेडच्या त्या जागेवर 'वॉटरफ्रंट' नावाचा मोठा बाजार उभा राहिला. दुकानं, सिनेमागृहं, खाण्याच्या जागा. एका कडेला जुन्या विटांच्या बारा चिमण्या तेवढ्या राखून ठेवल्या आहेत. लालबाग-परळला गेलो की गिरण्यांच्या जागी तसेच मॉल आणि त्यांच्यामध्ये एखादी उरलेली चिमणी दिसते. दोन्हीकडे आम्हाला आत जाऊन खरेदी करताना थोडं चोरट्यासारखं होतं.

गावाची बोली मात्र उलट्या दिशेने गेली. कामं गेली, माणसं पांगली, तसा लोकांना आपल्या बोलीचा जास्तच अभिमान वाटू लागला. आम्ही आलो त्याच साली, १९८२मध्ये, सॅम मॅकूल यांच्या नावावर इथल्या बोलीचं एक छोटं विनोदी पुस्तक निघालं होतं. पुढे 'यिन्झ' लिहिलेले टी-शर्ट आणि कप दुकानांत आले. इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ बार्बरा जॉन्स्टन यांनी तर २०१३ साली या बोलीच्या प्रवासावर अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. परदेशात आल्यावर आपल्याला मराठीचं जेवढं प्रेम येतं तेवढं पुण्यात असताना कुठे आलेलं असतं? तसंच हे.

ओकलंडला विद्यापीठाची बेचाळीस मजली इमारत आहे, कॅथीड्रल ऑफ लर्निंग. तिच्यात निरनिराळ्या देशांच्या नावाने सजवलेले वर्ग आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत खरोखरच शिकवणं चालतं. मावशींनी आम्हाला एकदा कौतुकाने त्यांच्या लोकांचा, चेकोस्लोव्हाक वर्ग दाखवला होता. २००० साली नालंदाच्या धर्तीवर भारतीय वर्ग तयार झाला, तेव्हा आम्ही मावशींना घेऊन गेलो. विटांच्या त्या खांबांना हात लावून त्या म्हणाल्या, "नाइस. नाऊ यिन्झ हॅव अ रूम टू." यजमान तेव्हा नव्हते. त्या काठी घेऊन चालत.

आणि मग २००१चा नोव्हेंबर आला. ज्या कंपनीत आमच्यापैकी एकाची कितीतरी वर्षं गेली होती, तिथे एका शुक्रवारी बंद दाराआड बोलावून सांगण्यात आलं, "वुई हॅव टु लेट यू गो." तुम्हाला जाऊ द्यावं लागतंय! जणू आम्हीच जाण्यासाठी हट्ट धरून बसलो होतो आणि त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. गंमत बघा, या वेळी अर्थ चटकन कळला. कोश उघडावा लागला नाही. एवढ्या वर्षांत भाषा चांगली आली होती, आणि त्या एका दिवशी ती आली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं.

घरी थोरली कॉलेजात, धाकटा हायस्कूलला, घराचे हप्ते चालू. तोपर्यंत आम्ही त्याच गल्लीत स्वतःचं घर घेतलं होतं. बातमी कोणाला सांगितली नव्हती. पण गल्लीच नेबी, किती दिवस लपणार? तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. मावशी काठी टेकत, दुसऱ्या हातात झाकलेलं पातेलं घेऊन उभ्या होत्या. आत पिरोही होत्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या, थेट आपल्या करंजीच्या आकाराच्या. वर लोण्यात परतलेला कांदा. त्या बसल्या, थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फूट ऑन द स्टमक, हं?"

अठरा वर्षांपूर्वी आम्ही दिलेला शब्द त्यांनी जपून ठेवला होता, आणि गरज पडली तेव्हा परत आणून दिला. आमच्यातला एक, जो शुक्रवारपासून रडला नव्हता, तो तेव्हा रडला.

निघताना त्या म्हणाल्या, "वुई'ल गेट बाय."

गेट बाय म्हणजे निभावणं, कसंबसं भागवणं. हे क्रियापद आमच्या वहीत होतंच. पण त्यातला 'वुई' आम्हाला नवा होता. इंग्रजीत आम्ही आणि आपण यांना एकच शब्द. वाक्यावरून कळत नाही की बोलणारा तुम्हाला त्यात धरतोय की बाहेर ठेवतोय. ऑफिसातल्या त्या वाक्यातही 'वुई' होता, आणि तो 'आम्ही' होता. मावशींचा 'वुई' म्हणजे 'आपण'. हा फरक कोणत्या कोशात नाही, आणि पातेल्याकडे बघितल्यावर कोशाची गरजही नव्हती. सात महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाली. आपलं निभावलं.

मावशी २००९ साली गेल्या. त्यांची मुलं दूर. घर विकलं गेलं. आमच्या वहीची पानं पिवळी पडली आहेत, पण 'रेड अप' आमच्या मराठीत असा मुरला आहे की सणावारी आम्ही 'चला, घर रेड अप करून टाकू' म्हणतो, आणि त्यात परकं काय आहे हे पाहुण्यांच्या चेहऱ्यावरूनच कळतं.

हल्ली गावात आपली तरुण मंडळी पुष्कळ आली आहेत. गूगलचं ऑफिस एका जुन्या बिस्किटांच्या कारखान्यात आहे, आणि जगाला फोनवर भाषा शिकवणारं ड्युओलिंगो तर २०११ साली याच गावात सुरू झालं. मागच्या हिवाळ्यात आमच्या पलीकडच्या घरात पुण्याचं एक जोडपं राहायला आलं. दोघांचं इंग्रजी आमच्या वेळच्यापेक्षा कितीतरी सफाईदार. मालिका बघून वाक्प्रचार तोंडपाठ. पहिल्या बर्फाच्या सकाळी आम्ही खोरं घेऊन बाहेर होतो. मुलगी जिना उतरताना दिसली आणि तोंडातून आपोआप निघालं, "अगं सांभाळ, स्लिपी आहे!"

ती थांबली. "स्लीपी? नाही काकू, झोप झाली छान."

आम्ही धावत जाऊन तिचा हात धरला.

तर वाचकहो, कधी इकडे आलात तर बोगद्यातून या. संगम बघा, टेकडीवरून केनीवूड बघा, बारा चिमण्या बघा, आणि मग मुनहॉलला चढून घरी या. चहाबिहा घेऊ. आम्हीही कोणाचं तरी देणं लागतोच. आणि पायऱ्या जपून चढा.